एक सोडून एक दाब: गोंधळाच्या लूपिंगसाठी मिडी फूट कंट्रोलर बसवताना

लातूर-तुळजापूर पट्ट्यात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायची रीत अजून टिकून आहे. अवघड झालंय ते पुरी पार्टी जमवणं. नाईकाच्या (मुख्य गायकाच्या) मागे झील (मागून ओळ उचलून म्हणायची साथ) धरायला, झांज वाजवायला, तुणतुणं छेडायला माणसं लागतात, आणि लग्नसराईत ती मिळत नाहीत. या प्रकरणातल्या पार्टीत कायमचे दोघंच. मामा नाईक, संबळ त्यांच्याच कमरेला. भाचा तुणतुण्यावर आणि लॅपटॉपवर. झील आणि झांज तिथल्या तिथं गाऊन-वाजवून लूपमध्ये (फिरून फिरून वाजणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये) घ्यायची, ती फिरती ठेवायची आणि तिच्यावर आख्यान लावायचं, असं दोघांनी ठरवलं. हात दोघांचेही वाद्यात अडकलेले, म्हणून लूपची सगळी सूत्रं पायाकडे आली, म्हणजे फूट कंट्रोलरकडे: पायाने दाबायच्या स्विचांची ही पेटी लॅपटॉपला मिडीने, वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या आज्ञांच्या भाषेत, संदेश पाठवते.

घरून तयार ट्रॅक आणायचा पर्याय होता, पण तो योग्य नव्हता. रात्री दोन वाजता नाईकाचा गळा कुठल्या पट्टीत बसेल आणि समोरची माणसं कुठली लय मागतील, हे आदल्या दिवशी ठरवता येत नाही. त्या रात्रीचा सूर आणि त्या रात्रीची लय पकडते ती फक्त तिथं घेतलेली लूप. चौक मांडणं, देवतांना आवाहन, दिवटी, आरती या विधीच्या भागात मात्र यंत्र अजिबात नको, हे मामांनी सुरुवातीलाच सांगितलं. लूप फक्त आख्यानापुरती. हा निर्णय पुढे तांत्रिकदृष्ट्याही सोयीचा ठरला, कारण विधी चालू असताना सगळी जुळणी शांतपणे तपासायला वेळ मिळतो.

सामान असं होतं. विंडोजचा लॅपटॉप, त्यावर एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर (पुढे नुसतं लाइव्ह) आणि त्यातली लूपर ही लूप घेणारी सोय तीन वेळा लावलेली: एक तुणतुण्याला, एक झांजेला, एक झिलीला. दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, मागे पाच पिनांची मिडी सॉकेटं असलेला. गळ्यासाठी आणि झांजेसाठी एकच डायनॅमिक माइक, तुणतुण्याच्या चामड्याजवळ चिकटवलेला पिएझो (कंपनं पकडणारी चकती). आणि दहा स्विचांचा, दोन एक्स्प्रेशन पॅडलांचा (पायाने पुढे-मागे झुकवून मूल्य कमी-जास्त करायची पॅडलं), आतच २३० व्होल्टचा पुरवठा असलेला जुन्या धाटणीचा फूट कंट्रोलर, सेकंडहँड घेतलेला. त्याला यूएसबी नाही, फक्त डिन, म्हणजे तेच पाच पिनांचं, सॉकेट.

तक्रार काय होती

सरावाच्या वेळी भाच्याची तक्रार एका वाक्यात होती. "मामा, दाबायलाव तर खरं, पण एक सोडून एक दाब वाया जायलाय." मामांना त्रास वेगळाच होता. "अन् चांगली चालू असलेली झील मधीच गप का व्हायली मग?"

या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण कारण एकच आहे. फूट कंट्रोलर लावताना बहुतेकांची संध्याकाळ ज्यात वाया जाते, ते कारण हेच. पाय एकदा दाबला म्हणजे नेमकं काय झालं, याबद्दल कंट्रोलर आणि लूपर यांची समजूत वेगवेगळी असते.

कंट्रोलरच्या प्रत्येक स्विचला एका सीसी (कंट्रोल चेंज, ० ते १२७ मूल्याचा मिडी संदेश) संदेशाची दोन मूल्यं देता येत होती. पहिल्या दाबाला पहिलं मूल्य जाई, दुसऱ्या दाबाला दुसरं. मूळ जुळणीत ती १२७ आणि ० अशी होती. पाय उचलल्यावर काहीच जात नव्हतं. घरातलं लाइटचं बटण असतं तसा हा प्रकार, एकदा चालू, एकदा बंद. लूपरमधल्या मोठ्या बहुउद्देशी बटणाला मात्र दारावरच्या घंटीसारखं बटण हवं असतं: दाबलं की १२७, सोडलं की ०.

आता तीच घटना लूपरच्या बाजूने पाहू. पहिला दाब, १२७ आलं, रेकॉर्डिंग सुरू. पाय उचलला, काही आलं नाही, म्हणजे लूपरच्या लेखी बटण अजून दाबूनच धरलेलं. दुसरा दाब, ० आलं, म्हणजे "सोडलं" एवढंच, कृती काही नाही. हा तो वाया गेलेला दाब. तिसऱ्या दाबाला परत १२७, रेकॉर्डिंग संपून लूप वाजायला लागली, आणि परत बटण धरलेलंच राहिलं. या बटणाचा नियम असा की लूप चालू असताना ते दोन सेकंद धरलं तर अन्डू होतं, आणि लूप थांबलेली असताना दोन सेकंद धरलं तर सगळं पुसलं जातं. मामांची झील मध्येच गप होत होती ती याच्यामुळे. कुणी काही दाबलं नव्हतं. लूपरला मात्र कुणीतरी दाबून धरलंय असं दिसत होतं.

हे अंदाजाने शोधू नये. मिडी-ऑक्स हा विंडोजवरचा मोफत प्रोग्रॅम आलेला प्रत्येक संदेश ओळीने दाखवतो. लाइव्ह बंद करूनच तो उघडावा, कारण विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर एका वेळी एकच प्रोग्रॅम मिडी पोर्ट धरू शकतो आणि दुसऱ्याला ते रिकामं दिसतं. मग एक स्विच दाबून तसाच धरावा, तीन अंक मोजावेत, सोडावा. दाबताना एक ओळ आणि सोडताना एक ओळ आली तर स्विच घंटीसारखा आहे. दाबताना एकच ओळ आली आणि पुढच्या दाबाला मूल्य बदललं तर तो लाइटच्या बटणासारखा आहे. इथं दुसरा प्रकार दिसला. त्याखेरीज एका दाबाला पाच-सहा ओळी सरसर आल्या, त्याचंही कारण बघायला हवं होतं.

एका दाबात इतके संदेश कशाला

या जातीचे कंट्रोलर मुळात गिटारवाल्यांच्या इफेक्ट मशीनसाठी बनलेले. एका स्विचने पाच मशीनांचे प्रोग्रॅम बदलायचे, म्हणून एका प्रीसेटमध्ये पाच प्रोग्रॅम चेंज, दोन सीसी, एक नोट एवढं सगळं भरलेलं असतं. लाइव्हमध्ये बटणाला जोडायला नोट किंवा सीसी लागते, प्रोग्रॅम चेंजने ते जोडलं जात नाही. मॅपिंग करताना स्विच दाबला, मिडीचा दिवा लुकलुकला, तरी बटण जोडलं गेलं नाही, असं झालं तर स्विचमधून फक्त प्रोग्रॅम चेंज जातोय हे समजावं.

डिन मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. तीन बाइटांची एक सीसी साधारण १ मिलिसेकंदात पोचते. पाच प्रोग्रॅम चेंज आणि दोन सीसी मिळून १६ बाइट होतात, त्यांना ५ मिलिसेकंद लागतात, आणि आपल्या कामाची सीसी त्या रांगेत शेवटी उभी असते. ५ मिलिसेकंदांनी आभाळ कोसळत नाही. पण ऑडिओच्या बफरचे (लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो त्यात जाणारे) आणखी ६ त्यात मिळवले की संबळाच्या ठोक्याला ते जाणवतं. म्हणून प्रत्येक प्रीसेटमध्ये जाऊन दोनपैकी पहिली सीसी सोडून बाकी सगळं बंद केलं. काम कंटाळवाणं आहे, स्विचवरच पाय ठेवून एकेक दिवा मालवत जावं लागतं. पण टाळलं तर पुढचं काहीच धड बसत नाही.

दुसरी नडणारी गोष्ट एक्स्प्रेशन पॅडल. मॅपिंग चालू असताना झिजलेलं पॅडल एका जागी ठरत नाही, ६३, ६४, ६३ असं थरथरत राहतं. तुम्ही स्विच दाबायच्या आधीच ते लाइव्हला ऐकू जातं आणि रेकॉर्डचं बटण त्या पॅडलला जोडलं जातं. मग कार्यक्रमात पॅडलला नुसता धक्का लागला तरी रेकॉर्डिंग सुरू. मॅपिंगच्या वेळी पॅडलचे संदेश कंट्रोलरमध्येच बंद ठेवावेत. ते जमत नसेल तर पॅडल एका टोकाला पूर्ण दाबून ठेवावं, टोकाला थरथर जवळपास नसते. इथं शेवटी दोन्ही पॅडलं कायमची बंद केली. झिलीचा आवाज कमी-जास्त करायचं काम मिक्सरवर बसलेल्या साऊंडवाल्याकडेच चांगलं.

सीसीचा क्रमांक निवडतानाही थोडं जपावं. ७ हा आवाजाचा, ६४ हा पियानोच्या सस्टेन पॅडलचा, १२० ते १२७ तर "सगळे सूर बंद" यांसारख्या आज्ञांचे. २० ते ३१ आणि १०२ ते ११९ हे क्रमांक कुणाला नेमून दिलेले नाहीत, ते वापरावेत. चॅनेलमध्येही एकाचा फरक पडतो: काही यंत्रं १ ते १६ लिहितात, काही आतून ० ते १५ मोजतात. मिडी-ऑक्समध्ये दिसतं ते खरं मानावं, कंट्रोलरच्या पडद्यावरचं नाही.

पहिला तोडगा आणि त्याची मर्यादा

पाय उचलल्याचा संदेश पाठवणं या कंट्रोलरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. म्हणून दोन्ही मूल्यं १२७ केली. आता प्रत्येक दाबाला १२७ जातं, एकही वाया जात नाही. पण "सोडलं" अजूनही कळत नाही, त्यामुळे बहुउद्देशी बटण वापरता येत नाही. त्याऐवजी लूपरमधली रेकॉर्ड, ओव्हरडब (चालू लूपवर आणखी थर चढवणं), प्ले, स्टॉप ही सुटी बटणं वेगवेगळ्या स्विचांना जोडली. त्यांना धरून ठेवण्याचा अर्थ नसतो, त्यामुळे आपोआप अन्डू होणं थांबलं.

तोडगा चालला, पण तीन लूपरांना चार-चार स्विच म्हणजे बारा, आणि कंट्रोलरला दहाच. बँक बदलून पुढचे दहा मिळतात, पण अंधारात, दिवटीच्या उजेडात, तोंडाने झील चालू असताना आपण कुठल्या बँकेत आहोत हे पायाला कळत नाही. लूपिंगमध्ये बँक बदलणं टाळावंच. जे सहा स्विचांत बसत नाही ते कार्यक्रमातून काढावं, असं आमचं ठाम मत आहे. अशा कंट्रोलरची आतली चिप बदलून दाब-सोड पाठवणारा प्रोग्रॅम टाकता येतो, काही मॉडेलांसाठी तशी तयार चिप मिळते. पण इथं कंट्रोलरच अंगणातून बाजूला करायचं एक वेगळं कारण पुढे आलं.

वायर, अर्थिंग आणि अनवाणी पाय

आधी वायरीचं. कंट्रोलर आणि लॅपटॉपमध्ये अंतर ८ मीटर. डिन मिडीची वायर १५ मीटरपर्यंत चालते, यूएसबी २.० ची ५ मीटरपर्यंत. एवढ्या लांबीची तयार वायर न मिळाल्याने ती बनवून घेतली आणि ती मुकी निघाली. कारण नेहमीचंच: डिन प्लगच्या पिनांचे आकडे ओळीने नसतात. एका टोकाकडून मोजलं तर क्रम १, ४, २, ५, ३ असा येतो. ओळीने १ ते ५ समजून झाळलं की चौथ्या-पाचव्याच्या जागी भलतंच जोडलं जातं. मिडीला लागतात त्या फक्त ४, ५ आणि मधली २. चौथी चौथीला, पाचवी पाचवीला, आणि जाळी दोन नंबरला.

तपासायला मीटर नसला तरी चालतं. एक साधा एलईडी घेऊन कंट्रोलरच्या आउट सॉकेटमध्ये लांब पाय चौथ्या भोकात, आखूड पाय पाचव्या भोकात घालावा. स्विच दाबला की तो क्षणभर मिणमिणतो. तो मिणमिणला म्हणजे कंट्रोलर पाठवतोय, दोष वायरीत किंवा पुढे आहे. मग एलईडी वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या पिनांना टेकवून बघावा.

स्वस्तातल्या यूएसबी-मिडी वायरींबद्दल एवढंच सांगतो की त्यांच्या प्लगवर "इन" लिहिलंय तो कंट्रोलरच्या इनमध्ये जायचा की आउटमध्ये, हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं. एकदा उलट लावून पाहिल्याशिवाय वायर खराब ठरवू नये.

आता अर्थिंग. लग्नसराई उन्हाळ्यात. मे महिन्यात मराठवाड्यातली काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या रॉडभोवतीचा ओलावा जातो आणि रॉड नावापुरता उरतो. मंडपाचा जनरेटर असेल तर पुष्कळदा त्याचं न्यूट्रल अर्थला जोडलेलंच नसतं. त्याचा परिणाम स्पीकरमध्ये घूं असा आवाज, आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या. गोंधळात कलावंत अनवाणी असतो. अंगणात सडा टाकलेला, जमीन ओली. अशा ठिकाणी आत २३० व्होल्ट असलेल्या धातूच्या पेटीवर उघडा पाय ठेवायचा, हे चालणार नाही. बाकी सगळ्या अडचणी वैतागाच्या आहेत, ही जिवाची आहे.

करायचं ते असं. वायरमनकडून जनरेटरचं न्यूट्रल आणि अर्थ नीट जोडून घ्यावं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्यावा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून पाहावं. रॉडपाशी दुपारीच मिठाचं पाणी ओतावं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटरने व्होल्टेज बघावं; ते ५ व्होल्टच्या वर असेल तर सामान लावू नये. घुमण्याचा आवाज घालवायला प्लगची अर्थची पिन कुणी काढत असेल तर त्याला तिथंच थांबवावं. घूं घालवायची ती ऑडिओच्या वायरीत, ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधली जोडपेटी) लावून आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे तिथली ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच, उघडून.

इथं डिन मिडीचा एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिच्या इन सॉकेटमध्ये ऑप्टोकपलर असतो, म्हणजे संदेश आत उजेडाच्या रूपाने उडी मारतो आणि दोन यंत्रांची अर्थ एकमेकींना जोडली जात नाही. १९८३ साली ठरलेलं हे प्रमाण आजच्या यूएसबीपेक्षा या एका बाबतीत सरस आहे. यूएसबीत दोन्ही यंत्रांचं ग्राउंड एकच होतं.

सहा स्विचांची पेटी

जुना कंट्रोलर सभागृहाच्या रंगमंचापुरता ठेवला. अंगणातल्या गोंधळासाठी पेटी नव्याने बनवली. बाहेरून घ्यायचं सामान थोडं: एटमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सहा फूटस्विच, वायर आणि एक यूएसबी-बी पॅनेल सॉकेट. बोर्ड याच चिपचा हवा, कारण तो लॅपटॉपला थेट मिडी यंत्र म्हणून दिसतो. नेहमीचा ऊनो बोर्ड तसा दिसत नाही.

स्विच मागवताना चूक ठरलेली असते. फूटस्विच म्हणून जे सर्रास येतात ते नऊ पायांचे, कट्ट वाजून अडकणारे असतात, आणि ते घेतले तर लाइटच्या बटणाचं दुखणं परत सुरू. हवेत ते दोन पायांचे, दाबेपर्यंतच चालू राहणारे, आवाज न करणारे. त्यांना १२ मिलिमीटरचं भोक लागतं.

पेटी धातूची केली नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्विचबोर्डाच्या लाकडी पेट्या आणि वर लावायची हायलमची शीट मिळते, तीच वापरली. ३ मिलिमीटर हायलम पायाच्या दाबाने मध्ये लवते, म्हणून खालून दोन ओळींच्या मधोमध लाकडी पट्टी ठोकली. दोन स्विचांच्या केंद्रांत ९ सेंटिमीटर ठेवले. बुटाला याहून जास्त लागतात, अनवाणी पायाला एवढे पुरतात. धातूचं बोंड उघड्या तळव्याला रुततं, त्यावर रबरी टोप्या बसवल्या. बोर्डावरचं छोटं यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, वायरीला एक हिसका बसला की मुळापासून उपटतं. म्हणून ते आतल्या आत छोट्या वायरीने पॅनेल सॉकेटला जोडलं आणि बाहेरची वायर त्या दणकट सॉकेटात लावली.

प्रोग्रॅमचं तत्त्व सोपं आहे, पण एका जागी लोक चुकतात. स्विचचा धातू टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे दोन दाब होतात. लूपरमध्ये पाठोपाठ दोन दाब म्हणजे स्टॉप, त्यामुळे ऐन आख्यानात लूप बंद पडते. थरथर थांबेपर्यंत वाट पाहून मग संदेश पाठवायचा असं लिहिलं तर प्रत्येक दाब तेवढा उशिरा पोचतो. उलट करावं: पहिल्या स्पर्शालाच १२७ पाठवून द्यावं आणि पुढचे ३० मिलिसेकंद त्या स्विचकडे लक्षच देऊ नये. सोडतानाही तसंच, ० पाठवावं आणि ३० मिलिसेकंद कान बंद.

खालच्या ओळीत तीन लूपर, डावीकडून तुणतुणं, झांज, झील, सीसी २०, २१, २२. ही तिन्ही बहुउद्देशी बटणांना जोडलेली. वरच्या ओळीत झिलीचं अन्डू, सगळं थांबवा, सगळं पुसा. लाइव्हमध्ये एकच सीसी तिन्ही लूपरांच्या स्टॉपला जोडता येते, त्यामुळे एका दाबात सगळं थांबतं. "पुसा" उजव्या वरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि एक सेकंद धरल्याशिवाय त्याचा संदेशच जाणार नाही असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

दिवटीचं तेल ठिबकतं, कुंकू उधळलं जातं. कुंकू आणि तेल मिळून स्विचच्या नळीत जो थर बसतो तो कॉन्टॅक्ट क्लीनरनेही लवकर निघत नाही. पेटीवर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून खालून चिकटवलं. कार्यक्रम झाला की फाडून टाकायचं, पुढच्या वेळी नवं. आणि लॅपटॉप आख्यानाच्या वेळी बॅटरीवर चालवायचा, अडॅप्टर विधीच्या वेळात लावायचा.

मामांची एक अडचण शेवटपर्यंत होती. वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, आणि इथं देवीच्या चौकासमोर पायानं वाजवायचं. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पेटी चौकाच्या समोरून काढून भाच्याच्या डाव्या पायाशी, मांडाच्या बाहेर ठेवली. संगीत नाटकांतली पायपेटीही पायानेच चालायची, हे मामांना ठाऊक होतं, आणि तिथं त्यांचा विषय मिटला.

सम, काल आणि क्वांटायझेशन

यंत्र नीट चालायला लागल्यावर उरला तो तालाचा प्रश्न. आख्यानाची पदं आठ मात्रांच्या ठेक्यात. लाइव्हमध्ये ४/४ (चार ठोक्यांचा एक बार) ठेवलं आणि एक मात्रा म्हणजे एक ठोका धरला की एक आवर्तन म्हणजे दोन बार. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर आवर्तन ४.८ सेकंदांचं.

लूपरचं क्वांटायझेशन एका बारवर ठेवलं की दाब कधीही द्या, कृती पुढच्या बारच्या सुरुवातीला होते. भाच्याची सवय समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) पाय मारायची, आणि तीच नडली. पाय समेच्या जरासाही मागे पडला तर ती सम गेली, रेकॉर्डिंग चार मात्रा उशिरा, म्हणजे कालीवर (पाचव्या मात्रेवर) सुरू झालं. दाब द्यायचा तो समेच्या आधीच्या दोन मात्रांत, सातव्या-आठव्या मात्रेवर. तुणतुणं छेडत असताना हे पायात बसायला सराव लागतो. ठेक्याचे बोल तोंडाने म्हणत पाय टाकला तर लवकर बसतं.

झिलीचं वेगळंच. झिलीची ओळ समेवर सुरू होत नाही, पाचव्या मात्रेवरून उठून समेवर येते. समेपासून रेकॉर्ड केलं तर उठाव कापला जातो आणि लूप फिरून येते तेव्हा ओळ अर्ध्यातून बोलते. पाचवी मात्रा ही दुसऱ्या बारची सुरुवात आहे, म्हणून झिलीचा दाब तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर द्यायचा. रेकॉर्डिंग कालीवर सुरू होतं आणि आठ मात्रांनी कालीवरच संपतं. तुणतुण्याची लूप समेवर, झिलीची कालीवर, आणि दोन्ही एकमेकींत चपखल बसतात.

लूपरची रेकॉर्ड लांबी दोन बार अशी पक्की केली. ती मोकळी ठेवून पहिल्या लूपवरून लय ठरवू दिली, तर ४.८ सेकंद हे १०० च्या लयीतले दोन बार की ५० मधला एक, हे सॉफ्टवेअर आपल्या अंदाजाने ठरवतं. अंदाज चुकला की एका बारचं क्वांटायझेशन आठ मात्रांचं होतं आणि कालीवरचा दाब चालेनासा होतो. म्हणून लय आधी टॅप करून घ्यायची, लूपरला ती पाळायला लावायची, आणि रेकॉर्डिंगनंतर ओव्हरडबऐवजी प्ले निवडून ठेवायचं. नाहीतर झील संपल्यावरचं मामांचं बोलणंही लूपमध्ये जातं.

संबळ लूपमध्ये घेतला नाही. त्याचा आवाज इतका मोठा की झिलीच्या माइकमध्ये तो येतोच, आणि लूप फिरते तसा जुना संबळ नव्या संबळाच्या अंगावर येतो. झील घेण्याच्या त्या आठ मात्रांत मामा हात थांबवतात, तेवढं पुरतं. लूपरचा थेट आवाज पुढे सोडायचा पर्याय "कधीच नाही" वर ठेवला, कारण गळा मिक्सरमधून स्पीकरला जातोच. तोच गळा लॅपटॉपमधून १०-१२ मिलिसेकंद मागून आला की पोकळ, नळीतून बोलल्यासारखा होतो. तुणतुण्याच्या पिएझोला इंटरफेसवरचा हाय-झेड (गिटारसारख्या वाद्यांसाठीचा) इनपुट हवा. साध्या लाइन इनपुटला लावला की खर्ज निघून जातो आणि फक्त टणटण उरते. बफर २५६ सॅम्पल, ४४.१ किलोहर्ट्झवर ५.८ मिलिसेकंद. १२८ वर या लॅपटॉपमध्ये कडकडाट यायचा, म्हणून २५६ वरच थांबलो.

विंडोजमध्ये आणखी दोन गोष्टी. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावं, नाहीतर तासभर कुणी हात न लावलेली पेटी झोपी जाते, आणि विधी तासभर चालतोच. आणि पेटी, इंटरफेस नेहमी त्याच यूएसबी पोर्टात लावावेत, पोर्टांवर खुणेचे रंग लावून ठेवावेत. पोर्ट बदललं की विंडोज त्याच यंत्राला पुढे "२" लावून नवं यंत्र समजू शकतं, आणि लाइव्हमधला त्याचा रिमोटचा (त्या यंत्राने लाइव्हची बटणं चालवू देण्याचा) पर्याय बंद राहतो. मग सगळे दिवे लागलेले असतात आणि एकही स्विच चालत नाही. अशा वेळी मॅपिंग परत करत बसू नये, मिडीच्या सेटिंगमध्ये जाऊन रिमोट चालू करावं.

चढती लय अजून सुटलेली नाही. आख्यान रंगात आलं की गोंधळाची लय १०० वरून १३० च्या पुढे जाते, आणि ती हळूहळू, नाईकाच्या अंगात भिनत जाते. लाइव्हची लय वाढवली की लूपरमधला आवाज टेप जोरात फिरवल्यासारखा वर चढतो, सूर बदलतो, तुणतुणं गळ्याशी फटकून वागतं. म्हणून चढाच्या आधी "सगळं थांबवा" दाबायचं, दोघांनी हाताने वाजवायचं, आणि लय नव्या जागी स्थिरावली की टॅप करून तुणतुण्याची आणि झांजेची लूप नव्याने घ्यायची. त्याला दोन आवर्तनं जातात. मामा तेवढ्या वेळात देवीच्या नावाचा उदो म्हणवून घेतात.